छप्पन झालं, पण सराफा?

कुणीतरी म्हटलंय की इंदूरचा सराफा, म्हणजे रात्री खाऊगल्ली होणारा सराफ बाजारही, तिथल्याच 'छप्पन दुकान' या खाऊगल्लीसारखा चकाचक करून टाकावा. जरा थांबा. छप्पनला २०१९मध्ये एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) 'क्लीन स्ट्रीट फूड हब', म्हणजे स्वच्छ खाऊगल्ली, हा दर्जा मिळाला. त्यासाठी आधी तपासणी, मग विक्रेत्यांना प्रशिक्षण, मग पुन्हा तपासणी असते, नुसती रंगरंगोटी नाही. २०२०मध्ये रस्त्याचंही रूप पालटलं, गाड्या बंद झाल्या, बसायला जागा झाली. तिथे हे जमलं, कारण दुकानं पक्की आहेत.

सराफ्यात दिवसा सोन्याचांदीचा धंदा. पेढ्या मिटल्या की त्यांच्याच पुढ्यात कढया चढतात आणि रात्री उशिरा सगळं आवरावं लागतं. तिथे कायमचं बेसिन कुठे बसवणार? त्या चिंचोळ्या गल्लीत आधी गॅस सिलिंडर, पाणी आणि सांडपाणी यांचं बघा. टोप्या, हातमोजे, क्यूआर कोड नंतर. (त्याच हातमोज्यांनी नोटा मोजून गराडूवर (तळलेल्या कंदावर) जीरावण मसाला भुरभुरणारेही आहेतच!) आणि भुट्ट्याच्या (मक्याच्या) किसावर चीज ओतणं हीच आधुनिकता असेल, तर आमच्या घरी ती अजून पोचलेली नाही.