डी-वन नाही म्हणून पोराची कीव करू नका

मैदानवेडा

परवा अमेरिकेतल्या कॉलेज सॉकरबद्दलच्या ‘कमिट झाला का?’ (म्हणजे कॉलेजच्या संघाला होकार दिला का?) या धाग्यावर लक्ष्यवेध यांनी लिहिलं की डी-वन (कॉलेज खेळांची संस्था एनसीएए, तिच्या तीन डिव्हिजनांतली सगळ्यात वरची) सोडलं तर बाकी सगळा हौशी खेळ, डी-थ्री म्हणजे तिसरी डिव्हिजन हा महागडा जिमखाना, आणि लहानपणापासून क्लबच्या फिया भरून पोराला तिथे पाठवणारे आईबाप फसलेले. दोन ओळींत उत्तर देऊन भागणारं नाही, म्हणून हा वेगळा धागा.

माझा मुलगा न्यू इंग्लंडमधल्या एका डी-थ्री कॉलेजात सेंटर बॅक खेळतो. कुणाची कीव नको आहे.

आधी पैशांचं बोलू, कारण आपल्या लोकांचा सगळा जीव ‘स्कॉलरशिप’ या शब्दात अडकलेला असतो. २०२५ पर्यंत डी-वनमध्ये मुलांच्या अख्ख्या संघाला मिळून ९.९ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. संघात पोरं अठ्ठावीस-तीस. म्हणजे सरासरी एकेकाच्या वाट्याला तिसरा हिस्सा, आणि तोही कॉलेजने पूर्ण ९.९ चे पैसे दिले तर. बऱ्याच ठिकाणी ते मिळत नसत. जून २०२५ मध्ये हाउस खटल्याचा (कॉलेज खेळाडूंच्या पैशांबद्दलचा) समझोता मंजूर झाला. तो स्वीकारलेल्या कॉलेजांत शिष्यवृत्तीची मर्यादा गेली आणि २८ जणांच्या रोस्टरची, म्हणजे संघाच्या यादीची, मर्यादा आली. कागदावर आता अठ्ठावीसच्या अठ्ठावीस जणांना पूर्ण पैसे देता येतात. पण सॉकरसाठी एवढी तिजोरी उघडणारी कॉलेजं किती? पैसा अमेरिकन फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे चाललाय. आणि रोस्टर आवळल्यावर पहिली कुऱ्हाड वॉक-ऑन, म्हणजे शिष्यवृत्तीशिवाय खेळणाऱ्या पोरांवर पडली.

दुसरं म्हणजे आयव्ही लीग डी-वनच आहे आणि तिथे खेळाची शिष्यवृत्ती शून्य. प्रिन्स्टनला खेळणाऱ्या पोराला मदत मिळते ती घरच्या उत्पन्नावर. मग त्याचे आईबापही फसलेले का?

डी-थ्रीत खेळासाठी एक डॉलर मिळत नाही, हे खरंच आहे. पण ॲमहर्स्ट, विल्यम्स, टफ्ट्स, शिकागो, जॉन्स हॉपकिन्स, एमआयटी हे सगळे सॉकरमध्ये डी-थ्री. तिथे कोचचा हात लागतो तो प्रवेशाच्या वेळी. आमच्याकडे अकरावीनंतरच्या जुलैत कोचने मार्कशीट मागवली, ती ॲडमिशन ऑफिसकडे प्री-रीडला (अर्जाआधीच्या चाचपणीला) गेली, आणि ‘अर्ली डिसिजनला (लवकरच्या, मिळाला तर घ्यावाच लागणाऱ्या प्रवेशाला) अर्ज करा, मी मागे उभा राहीन’ असा त्याचा फोन आला. नुसत्या मार्कांवर तो तिथे गेला असता का? मला नाही वाटत.

राहिला खेळ. टफ्ट्सने २०१४, २०१६, २०१८ आणि २०१९ असं चार वेळा डी-थ्री जिंकलं. त्यांचा एखादा सामना नेटवर बघा आणि मग ‘जिमखाना’ म्हणा.

लक्ष्यवेध

माझं वाक्य अर्धं उचललंत. ‘फुटबॉलच्या दृष्टीने’ हे शब्द गाळलेत. शिक्षणाबद्दल मी बोललोच नव्हतो.

माझा मुलगा मिडवेस्टमधल्या एका डी-वन विद्यापीठात आहे, निम्मी फी माफ. पहिल्याच वर्षी सरावात त्याचा एसीएल (गुडघ्यातला अस्थिबंध) गेला. त्याच आठवड्यात एमआरआय, विद्यापीठाचा सर्जन, पुढे नऊ-दहा महिने रोज सकाळी सातला फिजिओ. पाण्यातल्या ट्रेडमिलवर त्याने पहिलं धावणं सुरू केलं, ते यंत्र मी आयुष्यात प्रथम पाहिलं. आम्हाला बिल आलं नाही. ऑगस्ट २०२४ पासून तर डी-वन कॉलेजांना खेळातल्या दुखापतीचा खर्च पोरगा बाहेर पडल्यावरही दोन वर्षं उचलावा लागतो, आणि खेळ घसरला म्हणून शिष्यवृत्ती काढून घेता येत नाही. डी-थ्रीत एक ट्रेनर, त्याच्या दाराशी पाच संघांची रांग. तुमच्या मुलाचा गुडघा गेला असता तर तुम्ही कुठे धावला असता?

आणि मैदानात खेळायला मिळणाऱ्या मिनिटांचं म्हणाल, तर डी-थ्रीला रोस्टरची मर्यादाच नाही. आमच्या ओळखीतला एक मुलगा असाच ‘कोच मागे उभा आहे’ म्हणून गेला. पोचल्यावर कळलं, त्या वर्षी चौदा जणांच्या मागे कोच उभा होता. खेळाचा करार नाही, हातात कागद नाही. दोन वर्षं गरम कपडे घालून बाकावर बसला आणि सोडून दिलं. फी मात्र पूर्ण, वर्षाला ९० हजार डॉलरच्या घरात.

लेफ्टबॅक

डी-वन आणि डी-थ्रीच्या भांडणात डी-टू नेहमीप्रमाणे गायब! मी डी-टू खेळले. पुण्याहून आठवीत इथे आले, क्लब साधा होता, ईसीएनएल या नामी क्लबांच्या लीगचं नावही घरी माहीत नव्हतं. डी-टूमध्ये थोडे खेळाचे, थोडे मार्कांचे आणि थोडे गरजेचे असे तीन ठिकाणचे पैसे जोडून मी जवळपास कर्जाशिवाय बाहेर पडले. त्याबद्दल इथे कुणी चकार शब्द काढत नाही, कारण लग्नाकार्यात सांगायला ते नाव चमकत नाही.

दर्जाबद्दल एकच सांगते. २०२४ ला व्हरमाँटने मानांकन नसताना डी-वन जिंकलं. मार्शलविरुद्ध जादा वेळेत विजयी गोल केला मॅक्सिमिलियन किसेलने. तो व्हरमाँटला आला होता स्लिपरी रॉकहून, म्हणजे डी-टूहून. वरचा-खालचा हे गणित तुम्ही समजता तेवढं सरळ नाही, काका.

शाहूपुरीकर

किसेलचं नाव काढलंसाच तर बोलतो. तो कुठला? जर्मनीचा. खरं दुखणं तिथं हाय आणि तुम्ही सगळे डी-वन डी-थ्री करत बसलायसा.

युरोपातल्या अकॅडमीत वाढलेली एकवीस-बावीस वर्षांची पोरं फ्रेशमन, म्हंजे पहिल्या वर्षाची, म्हणून येत्यात. माझा पोरगा सतरा-अठराचा. त्यानं त्यांच्याशी खांद्याला खांदा कसा लावायचा? एनसीएएनं परदेशी खेळाडूंवर कसलीच मर्यादा घातलेली न्हाई. मार्शलनं २०२१ च्या मे महिन्यात केरीच्या डी-वन फायनलात इंडियानाला हरवलं, गोल मारला इंग्लंडच्या जमील रॉबर्ट्सनं, आणि संघात निम्म्याहून जास्त बाहेरचे. वेस्ट व्हर्जिनियाचं सरकारी विद्यापीठ हे!

त्यात आम्ही टेक्ससात. ऑस्टिनच्या टेक्सस विद्यापीठाला पोरांचा सॉकर संघ न्हाई, टेक्सस एअँडएमला न्हाई. पोरींचे दोन्हीकडं हायत. त्यांच्या एसईसी या विद्यापीठांच्या गटात मुलांचा सॉकरच न्हाई, त्यातले केंटकी आणि साउथ कॅरोलायना बिचारे सन बेल्ट या दुसऱ्या गटात खेळत्यात. देशभरात मुलांचे डी-वन संघ दोनशेच्या थोडे वर, मुलींचे साडेतीनशेच्या आसपास. आधी जागा कमी, त्यात त्या बाहेरच्यांना. मग पोरानं जायचं कुठं?

अनघा-इलिनॉय

शाहूपुरीकर, तुम्ही इथे कोणत्या व्हिसावर आलात? आपण बहुतेक सगळे एफ-वन (विद्यार्थी) नाहीतर एच-वन (नोकरीच्या) व्हिसावर आलो. ‘बाहेरचे येऊन आमच्या जागा घेतात’ हे वाक्य आपल्याबद्दल ऑफिसात आणि टीव्हीवर ऐकलंय ना? तेच तुम्ही त्या युरोपातल्या मुलांबद्दल म्हणताय. मला ते वाचून त्रास झाला.

आणि मुलींच्या संघांवर घसरू नका. १९७२ चा टायटल नाइन (शिक्षणात मुलामुलींना समान संधी देणारा कायदा) नसता तर माझ्या मुलीला मैदान मिळालं नसतं. मुलांचे सॉकर संघ बंद झाले ते अमेरिकन फुटबॉलला एकट्याला ८५ शिष्यवृत्त्या दिल्या म्हणून. मुलामुलींचं पारडं समान ठेवायला मुलांचे छोटे खेळ कापले. भांडायचं तर ॲथलेटिक डायरेक्टरशी भांडा.

शाहूपुरीकर

अनघाताई, मुलींबद्दल माझी तक्रार न्हाई, माझी पुतणीच खेळती. फुटबॉलचं तुमचं मान्य.

पण व्हिसाचं मान्य न्हाई. नोकरीत मी कुणाच्या अठरा वर्षांच्या पोराशी स्पर्धा करत नव्हतो. मी शिकून, अनुभव घेऊन आलो आणि समोरचाही तसाच होता. इथं टॅक्स भरणाऱ्याचं पोरगं सरकारी विद्यापीठाच्या बाकावर आणि तयार गडी मैदानात, हे वेगळं हाय. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर मी लहानपणापासून पाटाकडील, प्रॅक्टिस, दिलबहार हे तालमींचे फुटबॉल संघ बघितलेत. तालमींनी चुरशीपायी बाहेरचे, पार आफ्रिकेतले खेळाडू आणायला सुरुवात केली तवा सामन्याला मजा आली, पर गल्लीतली घाम गाळलेली पोरं कठड्यावर बसली. त्यातली काही माझी दोस्त. त्यांचा खेळ तिथंच थांबला. मला नियम शिकवू नका, मी ते डोळ्यांनी बघितलंय.

लेफ्टबॅक

आणि मी त्या परदेशी मुलींबरोबर एका खोलीत राहिलेय. आमची स्वीडिश गोलकीपर सुट्टीतही घरी जाऊ शकत नव्हती, तिकिटाला पैसे नव्हते. एफ-वन असल्यामुळे नाव-छबीच्या (जाहिराती वगैरेंच्या) कमाईची दारं तिला बंदच. मी जो काही बचाव करायला शिकले तो तिच्या ओरडण्यामुळे. तुमचा मुलगा चांगला असेल तर त्यालाही असं कुणी भेटावं असं मला मनापासून वाटतं.

कोच बाहेरून का आणतो? त्याच्याकडे पैसे मोजके, आणि दोन सीझन हरला की नोकरी जाते. अठरा वर्षांच्या मुलाला तयार करायला त्याला वेळच नाही. आता ट्रान्सफर पोर्टलमुळे (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीमुळे) तर तो परदेशात न जाता दुसऱ्या कॉलेजातला विशीतला मुलगा उचलतो. उद्या सगळे परदेशी थांबवलेत तरी तुमच्या मुलाची जागा पोर्टलमधला कुणीतरी घेईल.

शाहूपुरीकर

पोर्टलचं खरं हाय. तेवढंच.

कॅलिफोर्नियाकर

परदेशी, परदेशी करताना मूळ प्रश्न वाहून गेला, म्हणून लिहितोय. आमच्याकडे मुलगा कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या स्वस्त सरकारी कॉलेजात) खेळतोय. नातेवाइकांनी तोंडं वाकडी केली. कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजं खेळाची शिष्यवृत्ती देत नाहीत. बाहेरच्या राज्यांत एनजेसीएए या दोन वर्षांच्या कॉलेजांच्या खेळसंस्थेच्या वरच्या गटात देतात आणि तिथे खेळही जोरदार असतो. पण आमची फी इतकी कमी आहे की क्लबच्या शेवटच्या वर्षी यापेक्षा जास्त भरले होते. तो प्रत्येक सामना पूर्ण खेळतो. दोन वर्षांनी यूसी नाहीतर सीएसयू या राज्याच्या विद्यापीठांत ट्रान्सफर घेईल, खेळ पुढे चालला तर चालला. सतराव्या वर्षी अंगाने किरकोळ होता, आता भरलाय. अशा उशिरा वाढणाऱ्या मुलांसाठी हा रस्ता सोन्याचा आहे. शाहूपुरीकर, तुमच्या मुलासाठी बघा. एनएआयए ही एनसीएएहून वेगळी खेळसंस्था पण बघा. छोटी कॉलेजं असतात, पण संघाला १२ शिष्यवृत्त्यांची मुभा आहे, म्हणजे डी-वनला जुन्या नियमात होती त्याहून जास्त.

अनघा-इलिनॉय

मी मूळ प्रश्नावर येते. मुलगी डी-वनची ऑफर सोडून डी-थ्रीला गेली. बायोकेमिस्ट्रीची प्रयोगशाळा दुपारी असते. डी-वनच्या कोचने भेटीत स्पष्ट सांगितलं की सीझनमध्ये दुपारची लॅब जमणार नाही, मेजर (मुख्य विषय) बदलता येईल का बघा. नियमात आठवड्याला २० तास लिहिलेत, पण प्रवास, मालिश, व्हिडिओ सगळं धरलं तर कुठे वीस? आता तर कॅलिफोर्नियातली स्टॅनफर्ड आणि बर्कली पूर्वेकडच्या एसीसी गटात, यूसीएलए बिग टेन गटात. लॉस एंजेलिसहून न्यू जर्सीला रटगर्सशी खेळायला जायचं आणि सोमवारी मिडटर्म द्यायची. डी-थ्रीत तिची लॅब लांबली तर ती सरावाला उशिरा जाते आणि कोच काही म्हणत नाही.

लक्ष्यवेध

लॅबचं मला पटतं. माझ्या मुलानेही इंजिनिअरिंग सोडून बिझनेस घेतलं. त्याला ते आवडलं, पण निवड पूर्ण त्याची होती असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

तरी दर्जावर मी ठाम आहे. पहिल्या महिन्यात त्याला चेंडू पायात येऊन वळायला वेळच मिळत नव्हता. तो वेग त्याने क्लबमध्ये कधी पाहिला नव्हता. आपण कुठवर पोचू शकतो हे ज्याला बघायचंय त्याला डी-थ्री ते दाखवणार नाही.

मैदानवेडा

वेगाचं मान्य. डी-वनचे वरचे पन्नास संघ वेगळेच आहेत, त्यावर वाद नाही. पण डी-वनच्या तळातले संघ आणि डी-थ्रीचे वरचे संघ यांत तुम्ही म्हणता तेवढी दरी नाही. आणि ज्यांना खरोखर व्यावसायिक व्हायचंय ती मुलं हल्ली एमएलएसच्या (अमेरिकेतल्या व्यावसायिक सॉकर लीगच्या) अकॅडमीतून थेट करार करतात, कॉलेजची वाट बघत नाहीत. म्हणजे आपण इथे ज्या मुलांबद्दल बोलतोय त्यांतल्या बहुतेकांचा स्पर्धात्मक खेळ बाविसाव्या वर्षी संपणार. मग ती चार वर्षं मैदानात जावीत की बाकावर, हे मी आधी विचारीन.

ट्रेनरच्या रांगेचा मुद्दा बरोबर आहे. आमच्याकडेही रांग असते. मुलाचा घोटा मुरगळला तेव्हा दोन दिवस थांबावं लागलं आणि शेवटी आम्हीच बाहेर दाखवलं.

धागा वाचणाऱ्या नववी-दहावीच्या पालकांसाठी. डी-वनचे कोच दहावीनंतरच्या १५ जूनपासून बोलू शकतात, डी-थ्रीला असं बंधन नाही. आयडी कॅम्पच्या (कॉलेजांच्या खेळाडू पारखायच्या शिबिरांच्या) ईमेलांना भुलू नका, त्या शेकडो जणांना जातात. कोच भेटला की त्याला थेट विचारा: तीन वर्षांपूर्वी घेतलेल्या मुलांपैकी आज रोस्टरवर किती आहेत, आणि माझ्या मुलाच्या जागेवर या वर्षी अजून किती जणांना घेताय? तो आकडे सांगायला टाळाटाळ करत असेल तर डिव्हिजन कुठलीही असो, पुढचं कॉलेज बघा. मागच्या वर्षांची रोस्टरं कॉलेजच्या साइटवर असतात, नावं स्वतः ताडून बघा.

लक्ष्यवेध

हे रोस्टर ताडून बघण्याचं मात्र सगळ्यांनी करा. आमच्या मुलाच्या वर्षी आलेल्या नऊ जणांतले चार उरलेत. ‘जिमखाना’ मागे घेतो. बाकीचं मत कायम.

शाहूपुरीकर

कॅलिफोर्नियाकर, टेक्ससातल्या कम्युनिटी कॉलेजांचं काही माहीत असेल तर निरोप टाका. पोराला दाखवतो. परदेशी खेळाडूंचा वेगळा धागा काढतोय, अनघाताई, तिथं या.