फाउंडेशनचा पैसा कोकणच्या आरोग्याला चालेल का? काय वाटतं बोला

कातळावरचा
गणपतीत भाचा आला होता, कॅलिफोर्नियात असतो. आरतीनंतर पडवीत बसलेलो तेव्हा विषय निघाला. त्यांच्याकडे कॅलिफोर्निया एंडोमेंट म्हणून एक खाजगी फाउंडेशन आहे, 1996 पासूनचं. ब्लू क्रॉस ही धर्मादाय विमा संस्था नफ्याच्या कंपनीत बदलली, तेव्हा इतकी वर्षं करमाफी घेऊन जमवलेली मालमत्ता लोकांची आहे म्हणून ती आरोग्यासाठी बाजूला काढायला लावली, त्यातून हे निघालं. 2010 पासून 10 वर्षांत राज्यातल्या 14 गरीब वस्त्यांत 1 अब्ज डॉलर लावायचं त्यांनी ठरवलं, आणि गंमत म्हणजे भर हॉस्पिटलं बांधण्यावर नाहीच, लोकांनी एकत्र येऊन मागायला शिकावं ह्यावर. मे 2016 पासून तिथे कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांच्या मुलांनापण सरकारी विमा मिळतो, त्या मागणीच्या मोहिमेत ह्यांचा पैसा होता.
आता आपल्याकडे बघा. 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे 2% समाजकार्याला द्यावे लागतात, पण कायदाच म्हणतो की आजूबाजूच्या भागाला प्राधान्य द्या. म्हणजे कारखाना तिथे पैसा. रायगडात, लोट्याच्या एमआयडीसीजवळ काहीतरी पडेल, दोडामार्गच्या वाडीला काय? म्हणून म्हणतो, पालघर ते सिंधुदुर्ग सगळीकडे समान बघणारं एखादं फाउंडेशन आलं तर नको कशाला म्हणायचं?

माजी_लिपिक
नको. साफ नको. आरोग्य सरकारचं काम आहे, शेटजींच्या मर्जीचं नाही. 30 हजार वस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगराळ भागात 20 हजाराला, हा निकष सरकारचाच. जागा भरल्या नाहीत तर आमदाराला धरता येतं. फाउंडेशनला कुठे धरणार, त्यांच्या मुंबईच्या ऑफिसात लिफ्टमन तरी वर सोडेल का? आणि उद्या त्यांचा मूड बदलला, आरोग्य सोडून क्रिकेट अकादमी काढली, मग?

कातळावरचा
मूडचं ठीक आहे, पण सोडून जाताना नीट सोपवूनही जाता येतं ना. गेट्स फाउंडेशनने 2003 साली एड्स रोखायला 'आवाहन' नावाचा कार्यक्रम सुरू केला, 6 राज्यांत, त्यात महाराष्ट्र होता, आणि नंतर टप्प्याटप्प्याने सरकारकडे दिला.

माजी_लिपिक
दिला म्हणजे शेवटी खर्च कुणाच्या गळ्यात? सरकारच्याच. माझंच म्हणणं सिद्ध झालं की.

सिस्टर_निवृत्त
तुमचं दोघांचं चालू दे, मी डोळ्यांनी बघितलेलं सांगते. आमच्या ग्रामीण रुग्णालयात एका देणगीदाराने सोनोग्राफी मशीन दिलं. हार, नारळ, फोटो, सगळं झालं. पण सोनोग्राफीला गर्भलिंग निदानाच्या 1994 च्या कायद्याखाली नोंदणी लागते आणि तपासणारा पात्र डॉक्टर लागतो, आमच्याकडे तो नव्हता, मग मशीन चालू कोण करणार. दोन पावसाळे ते कव्हरखाली होतं, कव्हरवर देणगीदाराचं नाव सोनेरी अक्षरात, आणि आम्ही त्यावर केसपेपरचे गठ्ठे ठेवायचो कारण टेबल कमी होती!! खाली वायरींना हिरवट बुरा आलेला, खाडीवरची हवा कुणाला सोडते. गरोदर बायका एसटीने तालुक्याला जायच्या ते जातच राहिल्या. तेव्हा पैसा कुणाचा ते राहू दे बाजूला, पगार कोण देणार आणि किती वर्षं ते आधी विचारा.

खाडीपलीकडचो
सिस्टर बरोबर बोलल्या. मशीन इला, माणूस खंय?
आमच्याकडे दोडामार्गात 2016 पासून माकडतापाची भानगड, काजूच्या बागेत पालापाचोळ्यात बसला की गोचीड चावता. ह्या कुठल्या मशीनने जाणारा नाय, ह्येका घरोघर फिरणारी आशाताय लागता. आणि तिका काय तर कामागणिक मोबदला, तोपण उशिरा. फाउंडेशनवाल्यांनी तेवढे पैसे वेळेवर पोचवले तरी मी त्यांच्या नावान नारळ ठेवीन.

माजी_लिपिक
वा! म्हणजे सरकारची माणसं, पगार शेटचा. मग ती ऐकणार कुणाचं?

माहेरवाशीण
ऐकणार कुणाचं ह्याची काळजी ज्याच्या घरात आजारी माणूस नाही त्याला. सॉरी, पण राग येतो. माझ्या काकांना सावंतवाडीहून बांबोळीला, गोव्याच्या सरकारी हॉस्पिटलातच न्यावं लागलं, गोवा जवळ म्हणून. 2018 पासून तिथे गोव्याबाहेरच्यांना फी लागते, आणि त्यांचं तरी काय चुकलं, त्यांचं हॉस्पिटल आहे. आता सिंधुदुर्गात सरकारी मेडिकल कॉलेज झालंय, रत्नागिरीतपण, पण कॉलेज झालं म्हणजे रात्री 2 वाजता स्पेशालिस्ट असतो असं कोण म्हणतं.
बाय द वे, कातळावरच्यांनी करमाफीचं लिहिलंय ते आपल्याकडेपण आहे. मोठ्या धर्मादाय हॉस्पिटलांनी 10% खाटा निर्धन रुग्णांना फुकट आणि 10% दुर्बल घटकांना सवलतीत ठेवायच्या, सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम 41 कक मध्ये आहे. किती जणांना माहीत आहे? फाउंडेशनने फक्त एवढं केलं, की मुंबईतल्या प्रत्येक अशा हॉस्पिटलच्या दारात कोकणातल्या माणसाला फॉर्म भरून देणारा एक माणूस बसवला, तरी खूप.

कातळावरचा
हेच! अगदी हेच म्हणायचं होतं मला. मागायला शिकवणारा पैसा.

माजी_लिपिक
ह्याला माझी ना नाही, लिहून ठेवा, पहिल्यांदा पटलं. पण त्याला फाउंडेशन कशाला? आपल्या मुंबईच्या ग्रामस्थ मंडळांनी करावं. दरवर्षी देवळाच्या कळसाला वर्गणी निघते ना?

सिस्टर_निवृत्त
कळसावरून सुरू नका करू, धागा 300 वर जाईल.
2 ऑक्टोबरला ग्रामसभा आहे. आपापल्या गावात उपकेंद्रातल्या रिकाम्या जागांचा ठराव मांडा, लेखी. कातळावरचे, तुम्ही सुरू केलंत, तुम्ही मांडणार ना?

कातळावरचा
मी डोंबिवलीला असतो हो. शिमग्याला येईन तेव्हा नक्की.

खाडीपलीकडचो
शिमग्याक ग्रामसभा नसता.