स्टेरॉइडचे थेंब: लाली गेली की बंद करायचे का?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर): आईच्या डोळ्याला आतून सूज आहे. प्रेडनिसोलोन अ‍ॅसिटेट 1 टक्का हे स्टेरॉइडचे थेंब आणि रात्री मलम दिलंय. लाली गेली, आता बंद केले तर चालेल?

उत्तर: नको. एकदम सोडले की सूज उलटते. डॉक्टर सांगतील तसेच कमी करत आणा. बाटली नीट हलवा, औषध तळाशी बसतं. खालची पापणी ओढून एकच थेंब, मग डोळा मिटून नाकालगतचा कोपरा 2 मिनिटं दाबा. दुसऱ्या औषधाचे थेंब असतील तर ते 5 मिनिटांनी, मलम शेवटी.

उत्तर: स्टेरॉइडने डोळ्याच्या आतला दाब वाढू शकतो, तो तपासून घेत राहा. वाढला तरी बहुतेकदा दुखत नाही.

उत्तर: उरलेली बाटली दुसऱ्या कुणाला अजिबात देऊ नका! आपल्याकडे उसाचं पातं डोळ्याला लागतं. त्यातून बुरशी शिरली असेल तर स्टेरॉइडने जखम झपाट्याने चिघळते, नजरही जाऊ शकते.