वेस्टर्नमध्ये हसण्यासारखं काही नसतं म्हणे!

तिरपागडा:
परवा इथे चष्मिष्ट यांनी लिहिलं की वेस्टर्न, म्हणजे अमेरिकेच्या जुन्या पश्चिमेतले ते सिनेमे, म्हणजे धूळ, घोडे आणि डोळे बारीक करून एकमेकांकडे बघत बसणारी बिनआंघोळीची माणसं. पोराबाळांसोबत बसून हसावं असं त्यात काही नाही. दोन दिवस गप्प बसलो. आता राहवत नाही.

साहेब, एकटं १९६९ साल घ्या. 'बुच कॅसिडी अँड द सनडान्स किड'. दोघं दरोडेखोर जीव वाचवत बोलिव्हियात पोचतात, तर तिथे बँक लुटायलाही स्पॅनिश यावं लागतं! मैत्रीण शिकवणी घेते. तरी ऐन दरोड्यात पॉल न्यूमन खिशातून चिठ्ठी काढतो आणि वाचून धमकी देतो. दहावीला कॉपी केलेल्या कुणालाही तो चेहरा ओळखीचा वाटेल. (मी केलेली नाही.)

त्याच साली 'सपोर्ट युवर लोकल शेरीफ'. तुरुंग बांधून तयार, गज अजून यायचेत. शेरीफ, म्हणजे गावचा फौजदार, झालेला जेम्स गार्नर जमिनीवर खडूने रेघ मारतो, लाल रंगाचे चार थेंब सांडतो. रेघ ओलांडणाऱ्या आधीच्या कैद्याचं हे रक्त, असं समजून नवा कैदी गुमान आत बसतो. हे हसण्यासारखं नाही?

चष्मिष्ट:
वाक्य माझंच आहे, मागे घेत नाही. शेरीफ हे विडंबन. म्हणजे हसवायचं तर वेस्टर्नला स्वतःचीच टिंगल करावी लागते, हे तुम्हीच सिद्ध केलंत. आणि बुच कॅसिडीचा शेवट आठ वर्षांच्या मुलीला कसा समजावू, तेही सांगा.

जुना_डोअरकीपर:
१९६९ म्हणता आणि 'मॅकेन्नाज गोल्ड' नाही? धागा आहे की चेष्टा?

आमच्या तालुक्याच्या टॉकीजमध्ये तीनदा पाहिला. इंग्रजी कुणाच्या बापाला कळत होतं! पण मामा सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं सांगायचे, "आता सावली सरकणार बघ." सोन्याची वाट दाखवणाऱ्या सुळक्याची सावली लांबत लांबत कड्यापर्यंत जायची आणि थिएटरात शिट्ट्या. साहस म्हणतात ते हे.

फ्रेमवेडी:
काका, आठवणी गोड असतात, सिनेमा तेवढा नसतो. अमेरिकेत हा पडला होता. शेवटच्या भूकंपात एका शॉटमध्ये खरा डोंगर, पुढच्यात गणपतीच्या देखाव्यातला. मेक्सिकन दरोडेखोर म्हणून इजिप्तचा ओमर शरीफ, तिथल्या मूळ रहिवासी अपाची जमातीची बाई म्हणून ज्युली न्यूमार. मूळ रहिवाशांच्या भूमिका त्यांना न देता गोऱ्यांना रंग फासून उभं करायचं, आणि आपण शिट्ट्या मारायच्या.

जुना_डोअरकीपर:
ताई, आम्ही चाळीस पैशांच्या तिकिटात डोंगराची जनगणना करायला जात नव्हतो. रंग फासण्याचं म्हणाल तर आपल्याकडे काय कमी झालंय? तिथे बोला की. अमेरिकेत पडला तर पडला, इथे पुन्हापुन्हा लागायचा आणि चालायचा. तुमचा जन्म तरी झाला होता का तेव्हा?

फ्रेमवेडी:
जन्मतारीख विचारली की मुद्दा संपला असं समजते. आणि मी इथलंही बोलते, तुम्ही वाचत नाही.

गब्बरचा_घोडा:
भांडा भांडा. अवांतर: 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'मधलं ते कुटुंबाचं हत्याकांड आणि शोलेतलं ठाकूरचं घर लागोपाठ बघा.

तिरपागडा:
शोले आणू नका रे, धागा हातचा जाईल. विडंबन नको ना? मग 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' घ्या. एलाय वॉलाक टबात, सगळीकडे फेस. सूड घ्यायला आलेला माणूस आपली कर्मकहाणी ऐकवत उभा राहतो, तेवढ्यात फेसातूनच गोळी. वर त्याला उपदेश: गोळी घालायची तर घाल, बोलत बसू नको. गंभीर सिनेमातला विनोद आहे हा. त्याच सिनेमातला पूल कॅमेरे चालू व्हायच्या आधीच उडवला गेला, आणि स्पॅनिश सैन्याने तो पुन्हा बांधून दिला. पडद्यामागेही विनोदच.

फ्रेमवेडी:
वॉलाक मान्य. तो तर मॅकेन्नातही आहे, आणि वाया घालवलाय.

जुना_डोअरकीपर:
काहीतरी मान्य केलंत, उपकार झाले. आता एक कबुली माझीही. आमचा टॉकीजवाला पुढच्या शोची वेळ गाठायला शेवटचा तुकडा गाळायचा. तिन्ही वेळा गाळला. मॅकेन्नाचा नायक ग्रेगरी पेक ज्या घोड्यावरून निघून जातो त्याच्या पिशव्या सोन्याने भरलेल्या आहेत, हे मला तीस वर्षांनी घरी सीडीवर कळलं. मामा तोवर गेले होते. ते शेवटपर्यंत म्हणत राहिले, "एवढं सगळं करून हाती काय आलं? धुरळा."

फ्रेमवेडी:
म्हणजे तीस वर्षं शेवट न बघता भांडत होतात!

...पण मामांचं वाईट वाटलं.

चष्मिष्ट:
काल लेकीसोबत शेरीफ पाहिला. दोनदा हसलो. तिसऱ्यांदा ठसका लागला होता, तो धरू नये. ती मात्र सोफ्यावरून खाली आली होती. आज सकाळी तिने हॉलमध्ये खडूने रेघ मारून पलीकडे टोमॅटो केचप सांडलंय. मी आत आहे, लॅपटॉपही आत आहे, चहा बाहेर आहे.

तिरपागडा:
वाक्य मागे घेताय का?

चष्मिष्ट:
आधी चहा.