झांजेवर सॅच्युरेशन लावा म्हणणाऱ्यांना उत्तर

पत्र्याखाली:
गेल्या आठवड्यात या गटावर एका सदस्यांनी लिहिले की फुकटची सॅच्युरेशन प्लगइन्स (आवाज किंचित फाडून त्यात जादा स्वर मिसळणारी, रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायची साधने) म्हणजे खेळणी, विकतचे एक तरी घ्यावे, आणि भजनाच्या मिक्समध्ये प्रत्येक ट्रॅकवर, अगदी झांजेवरसुद्धा, ते थोडे थोडे लावल्याशिवाय ऊब येत नाही. त्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या, म्हणून हे सविस्तर.

मी कणकवलीजवळ पत्र्याच्या छपराखाली डबलबारीच्या (दोन मंडळांच्या भजनी सामन्याच्या) बुवांची रेकॉर्डिंग करतो. पाऊस थांबेल तेव्हाच माइक उघडायचा, अशी आमची जूनपासूनची पद्धत. गेल्या श्रावणात हाच सल्ला मानून मी एका मंडळाच्या सहाही ट्रॅकवर एक महाग प्लगइन लावले, रात्री खूश होऊन झोपलो आणि सकाळी ऐकले तर झांजेचा नाद जाऊन तेलाचा डबा बडवल्यासारखे काहीतरी उरले होते. सेशन ४४.१ किलोहर्ट्झचे (आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेणारे) असेल तर त्याच्या निम्म्याच्या, म्हणजे २२.०५ च्या वर काहीच साठवता येत नाही. झांजेतल्या १३ किलोहर्ट्झच्या अंशाचा तिसरा हार्मोनिक (तिप्पट कंपनाचा जादा स्वर) जातो ३९ वर. तिथे जागा नाही, म्हणून तो उलटून ५.१ वर येऊन बसतो, आणि तिथे त्याचे मूळ नादाशी काही नाते उरत नाही. सॅटर्न २ या विकतच्या प्लगइनमध्ये ८ पट आणि ३२ पट ओव्हरसॅम्पलिंग (आतला हिशेब तेवढ्या पट जास्त नमुन्यांवर करणे) दिले आहे ते याचसाठी, पण ते चालू केले की माझा लॅपटॉप धापा टाकतो.

शिवाय सॅच्युरेशनने आवाज मोठा होतो आणि मोठा आवाज कानाला चांगलाच वाटतो. आउटपुट तेवढेच खाली ओढून, नाव न बघता ऐकल्याशिवाय महाग-स्वस्ताची तुलना कोणी सांगू नये. सॉफ्टट्यूब कंपनीचा फुकटचा सॅच्युरेशन नॉब, एक बटण आणि तीन पर्याय, माझ्या बहुतेक कामाला पुरतो.

काळी चार:
साहेब, कोयता चालवता आला नाही म्हणून नारळाला दोष देण्यातला हा प्रकार आहे. झांजेवर ते लावू नये हे मान्य, पण त्यावरून सगळी एकाच मापाने मोजू नका. डिकॅपिटेटर या विकतच्या प्लगइनमधल्या पाच बटणांपैकी ए हे अँपेक्स ३५० या टेप मशीनवरून, एन हे नीव्ह कंपनीच्या जुन्या १०५७ वरून, तर टी आणि पी ही कल्चर व्हल्चर या व्हॉल्व्हच्या यंत्रातल्या ट्रायोड आणि पेंटोड या दोन तऱ्हांवरून घेतलेली आहेत. ट्रायोडमध्ये सम (दुप्पट, चौपट) हार्मोनिक पुढे येतात, त्यातला पहिला म्हणजे वरच्या सप्तकातला तोच सूर, म्हणून बुवांचा आवाज भरतो. पेंटोडमध्ये विषम (तिप्पट, पाचपट) पुढे येतात, आवाजाला धार चढते आणि गजरात तो कोरसमधून वर निघतो. हे तुमचा एक नॉब कसे करणार?

आणि ऐकणारा कोण, हेही तुम्ही विसरलात. गणपतीला निघालेला चाकरमानी ते भजन एसटीत मोबाइलवर ऐकतो. पखवाजाच्या धुमचा (डाव्या तोंडाच्या जाड ठोक्याचा) पाया ८० हर्ट्झचा धरला तर तो त्या स्पीकरमधून बाहेरच पडत नाही. सॅच्युरेशनने १६०, २४०, ३२० तयार केले की पाया कान स्वतःच भरून घेतो. ही ऊबेची हौस नव्हे, गरज आहे.

ओली कणीक:
पखवाज वाजवणारा या नात्याने विचारतो: तुमच्यापैकी कितीजण टेकच्या आधी पखवाजाच्या डाव्या तोंडावर लावलेली कणीक बघतात? दोन अभंगांनंतर ती सुकते, धुमचा ठोकळा होतो, आणि मग तुम्ही घरी बसून तो प्लगइनने फुगवता. परवा कुडाळला मी कणीक बदलायला पाच मिनिटे मागितली, तर रेकॉर्डिंगवाले म्हणाले की पुढे बघून घेऊ. पुढे काय बघितले, ते मी ऐकले आहे. लावायचेच असेल तर निदान सॅटर्नसारखे, आवाजाचे खालचे-वरचे पट्टे पाडणारे लावा, खालच्या पट्ट्याला काय ते करा आणि उजव्या तोंडाच्या शाईवरचे बोल मोकळे सोडा.

जुना कॅसेटवाला:
एवढा खटाटोप करूनही सावंतवाडीच्या बाजारात मी विकलेल्या भजनाच्या कॅसेटींची सर तुमच्या एकाही फाइलला नाही. ऊब टेपमध्ये होती, ती तुम्ही आता विकत घेऊन शोधता आहात.

काळी चार:
काका, आदर ठेवून सांगतो, त्या कॅसेटमध्ये ऊब कमी आणि बुरशी जास्त होती. स्टुडिओतली टेप सेकंदाला ३८ किंवा ७६ सेंटिमीटर धावत असे. कॅसेटची पट्टी ३.८१ मिलिमीटर रुंद आणि वेग ४.७६ सेंटिमीटर. वरचे स्वर गळून पडत, त्यालाच आपण मऊपणा म्हणायचो. वेव्हजचे जे३७ असो की यूएडीचे ए८००, ती प्लगइन्स स्टुडर कंपनीच्या स्टुडिओतल्या टेप मशीनची नक्कल आहेत. तुमची आठवण त्यांत सापडणार नाही.

जुना कॅसेटवाला:
बुरशी काढण्यासाठी आम्ही पेन्सिल घालून रीळ हाताने फिरवायचो, ते तुम्ही मला शिकवू नये. माझ्या वडिलांचा आवाज फक्त एका कॅसेटवर उरला आहे. देवळातल्या सप्ताहात कोणीतरी डेकची पातळी लाल रेषेपलीकडे ठेवली होती, त्यामुळे वरच्या षड्जाला तो आवाज फाटतो, आणि फाटतो तेव्हाच ते समोर बसल्यासारखे वाटतात. तुमचे हर्ट्झ यावर काय म्हणतात?

काळी चार:
हेच म्हणतात की तो फाटणे म्हणजेच सॅच्युरेशन. बुरशीचा शब्द मागे घेतो. वेगाचा नाही.

ओली कणीक:
कॅसेटीवर दहा उत्तरे येतील, कणकेवर एकही येणार नाही, हे मला माहीत होते.

पत्र्याखाली:
कणीकबुवा, रागावू नका. काल त्याच मंडळाला परत बोलावले, कणीक ताजी लावली, आणि बुवांच्या आवाजाच्या तीन प्रती समान पातळीवर आणून भाच्याला नावे झाकून वाजवायला सांगितल्या. तिन्ही वेळा मी फुकटचा नॉब समजून जी निवडली, ती डिकॅपिटेटरचे टी बटण निघाली. काळी चार यांनी हे वाक्य हवे तर फ्रेम करून लावावे. पखवाजावर मात्र काहीच न लावलेली प्रत निवडली. मोबाइलवर ती दुबळी वाटते हे खरे, म्हणून तिथे फक्त खालच्या पट्ट्याला हलका हात लावणार आहे. झांज कोरी राहील.

काका, ती कॅसेट आणून दिलीत तर जपून उतरवून देईन. वर काहीही लावणार नाही.

जुना कॅसेटवाला:
पोस्टाने पाठवणार नाही. पाऊस उघडला की स्वतः घेऊन येतो, आणि उतरवून होईपर्यंत समोर बसणार आहे.