ताहिनी: तिळाचं नाव की गव्हाचं?

प्रश्न: दुबईला येऊन सहा महिने झाले. काल हमससाठी, म्हणजे काबुली चण्याच्या अरबी चटणीसाठी, ताहिनीची (तिळाच्या लगद्याची) बरणी आणली. घरी आल्यावर बघते तर कणकेच्या पिशवीवरही जवळजवळ तीच अरबी अक्षरं, फक्त शेवटचं एक कमी! तिळाला आणि गव्हाला एकच नाव कसं?

उत्तर: ताई, नाव धान्याचं नाहीच, कामाचं आहे. अरबीत 'तहन' म्हणजे दळणं. त्यावरून 'तहीन' म्हणजे पीठ, 'ताहूना' म्हणजे गिरणी आणि 'तहीना' म्हणजे तीळ दळून केलेला हा लगदा. दाढेलासुद्धा 'ताहिना' म्हणतात, तीही दळतेच ना! तुर्कीत 'ताहिन', ग्रीकमध्ये 'ताहिनी'. तिळाला अरबी शब्द 'सिमसिम', तो या नावात कुठेच नाही.

उत्तर: म्हणजे आपलं दळणच की! आपल्याकडे उलटं झालंय. 'तेल' आलं 'तिळा'वरून, आणि आता शेंगदाण्याचंही तेलच.

प्रश्नकर्ती: अय्या, खरंच! आणि तिळकुटातलं 'कूट'ही कुटण्यावरूनच. बाकी बरणीत वर बोटभर तेल तरंगतंय. खराब झालीय का?

उत्तर: नाही हो. तळापासून चमच्याने ढवळा.