क्वार्टरबॅकनं टीम सोडली म्हणजे तो पळाला का? (डीजे नावाच्या खेळाडूवरून भांडण सुरू आहे)

मानेवाडा_नाईट:
अमेरिकन कॉलेज फुटबॉल पाहणारं नागपुरात कोणी आहे का? शनिवारी रात्री साडेनऊला पहिली मॅच लागते, मी अन् रूममेट पाहत बसतो अन् आमचं डीजे उइयांगालेले या क्वार्टरबॅकवरून (म्हणजे टीमचा मुख्य बॉल फेकणारा) वाजते. 2020 मध्ये क्लेमसन कॉलेजच्या मुख्य क्वार्टरबॅकला, ट्रेव्हर लॉरेन्सला कोविड झाला तर या पोरानं नोत्र दाम कॉलेजच्या मैदानावर जाऊन 439 यार्डांचे पास फेकले, सगळे म्हणे पुढचा स्टार हाच. 2021 ला टीम हातात आली तर 9 टचडाऊन पास (ज्यावर गुण मिळतात) अन् 10 इंटरसेप्शन (पास थेट समोरच्या टीमच्या हातात). 2022 च्या कॉन्फरन्सच्या (म्हणजे कॉलेजांच्या गटाच्या) फायनलमध्ये त्याला बसवून दुसरा क्वार्टरबॅक क्लबनिकला आणलं. मग ओरेगन स्टेट, तिथं बरा खेळला, तिथून फ्लोरिडा स्टेट, अन् तिथं पाचपैकी चार मॅच हरल्या वरून हाताला लागलं, सीझन खतम. रूममेट म्हणते पळपुटा आहे. मले नाही पटत, तुम्ही सांगा.

धरमपेठ_लेफ्टी:
पळपुटा कायले म्हणतो बे तो. आधी कॉलेज बदललं की बहुतेकांना एक वर्ष बाहेर बसावं लागे, म्हणून पोरं कुढत बसत पण हलत नसत. 2018 ला ट्रान्सफर पोर्टल (कॉलेज बदलायचं तर नाव टाकायची यादी) आलं, 2021 ला एकदा बदलायची मोकळीक मिळाली, अन् 2024 पासून मार्क बरोबर असले की कितीदाही जा. कोच करार तोडून दुसरीकडं जातात तेव्हा त्यांना कोणी पळपुटा म्हणत नाही, मग वीस वर्षांच्या पोरालाच का?

जरीपटका७७:
सोडणं चूक नाही पण कधी सोडलं ते पाहा ना भाऊ. अलाबामाचा क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स घ्या. जानेवारी 2018 ची नॅशनल फायनल, अलाबामा हाफटाइमला जॉर्जियाकडून 13-0 नं मागे, कोचनं हर्ट्सला बसवून दुसऱ्या क्वार्टरबॅकला, तुआला आणलं अन् टीम जिंकली. सगळ्या देशासमोर बसवलं त्याला. तरी तो गेला नाही, वर्षभर बेंचवर राहिला. डिसेंबरमध्ये तेच स्टेडियम, समोर परत जॉर्जिया, तुआ जखमी, हा उतरला, आधी पास देऊन बरोबरी केली अन् मग स्वतः धावत जाऊन जिंकणारा टचडाऊन केला. डिग्री हातात घेतली, मग ओक्लाहोमाला गेला. पुढं सुपर बोलचा (प्रो लीग एनएफएलच्या फायनलचा) एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू. असं जाणं मला आवडते.

मानेवाडा_नाईट:
हर्ट्सबद्दल एकदम मान्य, पण सगळ्यांनी त्याच्यासारखं थांबावं असं कसं म्हणणार? जो बरो हा क्वार्टरबॅक ओहायो स्टेटला बेंचवरच होता, एलएसयू कॉलेजला गेला म्हणून तर 2019 ला 15-0 अन् हाइसमन, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार.

रामदासपेठ_ऑफसाइड:
मी सांगतो खरी गोष्ट कुठं आहे. तुम्ही पोराकडं पाहून राहिले, टीमकडं कोणी पाहूनच नाही राहिलं. डीजे फ्लोरिडा स्टेटला गेला तेव्हा त्या टीमचे 10 जण एकाच ड्राफ्टमध्ये (प्रो टीम कॉलेजची पोरं निवडतात त्यात) एनएफएलला गेले होते. पास झेलणारे रिसीव्हर नवे, बॉल हातात आल्यावर दोन-तीन सेकंदात समोरचा अंगावर येते, अशात कोण काय फेकणार. ती टीम शेवटी 2-10 वर थांबली अन् त्यातले बहुतेक पराभव डीजे बाहेर असताना झाले, हे तुझ्या रूममेटला नक्की सांग.

अन् आपल्या इथंच पाहा. करुण नायरला कर्नाटकनं काढलं होतं, तो विदर्भाकडं आला, 2024-25 मध्ये रणजीत 863 रन केले अन् केरळविरुद्ध नागपूरच्या जामठा स्टेडियमवर फायनलमध्ये शतक. त्याचा गुण तर होताच, पण कॅप्टन वाडकरची टीम आधीच बांधलेली होती, मालेवारनं त्याच फायनलमध्ये 153 केले, दुबेनं सीझनभर 69 विकेट काढल्या. नायरला येऊन एकट्यानं टीम उभी नाही करावी लागली. डीजेला तेच करा म्हटलं अन् वर टाइमही नाही दिला.

जरीपटका७७:
हे बरोबर बोलला भाऊ. मग पोरानं कॉलेज निवडताना कोचच्या गोड बोलण्यावर नाही जायचं, पुढल्या वर्षी टीममध्ये कोण कोण उरते ते आधी विचारायचं. पैसा तर आता सगळीकडंच भेटते.

मानेवाडा_नाईट:
रूममेटला वाचून दाखवलं. टीमचं पटलं त्याला, पण तरी म्हणते 10 इंटरसेप्शन तर क्लेमसनमध्येच होते. त्याच्यावर कोणाकडं उत्तर असलं तर टाका, पुढच्या शनिवारच्या आत पाहिजे.